थांबता येईल

खारूच्या डाव्या बाजूने मी आता चालत नाही. रस्ता अरुंद असला तर दोन पावलं मागे राहतो, पण त्या बाजूला जात नाही. तिच्या आईला हे लक्षात ठेवावं लागत नाही, तिची पावलं आपोआप उजवीकडे वळतात. मला मात्र दर वेळी स्वतःला आठवण करून द्यावी लागते. दुसऱ्या कुणी करून दिली तर मला राग येतो.

खारू म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. वय तेवीस. हे नाव तिच्या आईने पाडलं. दोन वर्षांची असताना ती बिस्कीट अर्धं खायची आणि उरलेलं अर्धं फ्रॉकच्या खिशात ठेवून द्यायची. धुवायला काढलेल्या प्रत्येक फ्रॉकच्या खिशात लगदा. आई कपाळावर हात मारून घ्यायची आणि मी कौतुकाने बघत राहायचो. मी बँकेत कॅशियर होतो. एवढीशी पोर शिल्लक टाकायला शिकली, म्हणजे हे रक्तातच असणार, असं मी शाखेत सगळ्यांना सांगून आलो होतो.

तेहतीस वर्षं मी काउंटरच्या काचेमागे बसलो. पगाराच्या दिवशी हसत येणारी माणसं पंधरवड्यात तोंड पाडून परत यायची. कुणी टीव्ही घेतलेला असायचा, कुणी मेव्हण्याच्या लग्नात मोठेपणा केलेला असायचा. मी नोटा मोजून देत असे आणि मनात म्हणत असे, अरे बाबांनो, तुम्हाला लहानपणी कुणी थांबायला शिकवलं नाही का? माझ्या घरात असं होणार नाही, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं. शहाणपणाची मला तेव्हा जरा जास्तच खात्री होती.

खारू आठ वर्षांची असताना एका दुकानाच्या काचेत तिने चाकांचे बूट पाहिले आणि भर फूटपाथवर बसकण मारली. रडून गोंधळ. येणारेजाणारे माझ्याकडेच बघत होते, जणू मी तिला चिमटा काढला होता. मी तिला उचलून घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा धुऊनपुसून टेबलावर ठेवला.

नियम सोपे होते. काही हवं असेल तर तोंडाने मागायचं नाही. चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या. काय हवं, किती पडतील, का हवं. चिठ्ठी डब्यात टाकायची आणि तीन दिवस त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी डबा उघडणार आणि चिठ्ठीखाली निर्णय लिहिणार. त्यासाठी मी हिरव्या शाईचं पेन आणलं होतं. आमच्या बँकेत हिरव्या शाईने फक्त साहेब लोक सही करायचे, मला जन्मभर निळ्यावर भागवावं लागलं होतं. घरात तरी साहेब व्हायला कोण अडवणार होतं?

निर्णय दोनच. एक, ‘मंजूर’. दुसरा, ‘थांबता येईल’. ‘नाही’ हा शब्द मी कधीही लिहिला नाही आणि याचा मला फार अभिमान होता. मी मुलीला नाही म्हणत नाही, फक्त थांब म्हणतो, हे वाक्य मी लोकांना ऐकवायचो आणि ते कसं लागू पडतं ते बघत उभा राहायचो.

चाकांच्या बुटांचं काय झालं? चौथ्या दिवशी मी चिठ्ठी काढली तर खारू म्हणाली, “राहू दे बाबा, मला आता नकोत.” मी हवेत तरंगायचाच बाकी होतो. तिच्या आईला मी म्हटलं, “बघितलंस? एक पैसा न घालवता!” ती मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, “बघितलं. आता मीठ मंगळवारी संपणार असेल तर तुम्हाला शनिवारीच कळवत जाईन.”

तिची आई पहिल्यापासून या डब्याची थट्टा करायची. घरी शिवण करून ती चार पैसे कमवायची, त्यातून पोरीला लपूनछपून रिबिनी, पेन्सिली आणून द्यायची. मला माहीत होतं. काणाडोळा करायचो. माझा डबा चालतोय ना, मग झालं.

आणि डबा खरंच चालला. खारू इतकी तयार झाली की मी काय लिहीन ते तिला आधीच कळायला लागलं. दहाव्या वर्षापासून निम्म्या चिठ्ठ्या ती चौथ्या दिवशी स्वतःच बाहेर काढून फाडायची. “थांबता येईल,” असं माझ्या आवाजात म्हणायची आणि आम्ही दोघं हसायचो.

अकरा वर्षांची असताना तिने एकदा चिठ्ठी टाकली. तीन दिवस ती जरा लंगडत चालत होती. पायऱ्यांवर कठडा धरायची. चौथ्या दिवशी मी डबा उघडला. ‘काय हवं : शाळेचे बूट. किती : दुकानात विचारावं लागेल. का : बोटं दुमडतात.’ मोजा काढून पाहिला तर टाचेवर आणि अंगठ्याला फुगलेले फोड, एक फुटून मोज्याला चिकटलेला. तिच्या आईने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी मात्र भारावून गेलो होतो. एवढ्याशा पोरीने तीन दिवस सहन केलं, पण नियम मोडला नाही! संध्याकाळी नवे बूट आणले आणि चिठ्ठी जपून ठेवली.

ही चिठ्ठी पुढे फार गावं फिरली. निवृत्त झाल्यावर मुलांना व्यवहारज्ञान शिकवणाऱ्या एका संस्थेने मला बोलावलं. शाळाशाळांत जाऊन दहा ते पंधरा वयाच्या मुलांना शिकवायचं. पैसे कुठून येतात, कुठे जातात, दुकानदार कसा भुलवतो, मोबाइलवर येणारे फसवे मेसेज कसे ओळखायचे. मला हे काम मनापासून आवडलं, ते खोटं कशाला सांगू? प्रत्येक वर्गात मी एक डबा ठेवायचो आणि बुटांची गोष्ट सांगायचो. मुलं डोळे मोठे करून ऐकायची, मागे बसलेल्या शिक्षिका माना डोलवायच्या. संस्थेच्या ताईंनी माझ्याकडून एक पुस्तिका लिहून घेतली. तिच्यातल्या नवव्या धड्याचं नाव मी मोठ्या हौसेने ठेवलं, ‘गरज की घाई?’

त्याच सुमारास खारू दुसऱ्या शहरात कामाला लागली. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत उमेदवारी. एका खोलीत सहा माणसं, प्रत्येकाच्या हातात घरघरणारं यंत्र, आणि सगळीकडे पांढरी भुकटी. पगार बेताचा. निघताना मी तिला तो जुना डबा दिला आणि एक नवं हिरवं पेन. म्हटलं, “आता साहेब तू.” तिने दोन्ही वस्तू बॅगेत वरच ठेवल्या.

सात महिन्यांनी प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंचा फोन आला. रस्ता ओलांडताना खारूला डावीकडून आलेली सायकल ऐकूच आली नव्हती. कोपर खरचटलं होतं, तेवढ्यावर निभावलं होतं. पण सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला होता, म्हणून बाई तिला धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. आम्ही दोघं मिळेल त्या गाडीने पोचलो.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. डाव्या कानाची नस एकाएकी निकामी झाली होती. असं कधी कधी होतं, कारण सापडतंच असं नाही. “कधीपासून ऐकू येत नाहीये?” त्यांनी विचारलं. खारू म्हणाली, “पाच आठवडे झाले.” बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. पहिल्या आठ-दहा दिवसांत औषध सुरू झालं तर बऱ्याच जणांचं ऐकणं परत येतं, सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. आता पाच आठवड्यांनी आशा फार कमी. औषधं देऊन बघू. उजवा कान मात्र जिवापाड जपायचा. त्यात शिट्टी वाजली, दडा बसला, काहीही वाटलं तर त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी, असं त्या दोनदा म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. डॉक्टरांच्या देखतच मी तिच्यावर ओरडलो. “पाच आठवडे! अगं, एक फोन करता येत नव्हता? आम्ही काय मेलो होतो?” तिची आई नुसती रडत होती. “एका शब्दाने बोलली नाहीस गं,” एवढंच पुन्हा पुन्हा. खारूने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “राहिलं खरं.”

त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, ओशाळली आहे.

औषधांचा उपयोग झाला नाही. डावा कान गेला तो गेला. नातेवाइकांत मी सांगत सुटलो, पोरगी गुणी आहे पण घुमी, तोंडातून शब्द काढत नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. मी पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत बारावा धडा घातला, ‘वेळेवर सांगा’. आणि वर्गावर्गांत बुटांच्या गोष्टीनंतर कानाची गोष्ट सांगायला लागलो. पहिल्या गोष्टीत खारू शहाणी, दुसऱ्या गोष्टीत चुकलेली. दोन्हींच्या मध्ये मी पाण्याचा घोट घ्यायचो.

आठ महिन्यांनी तिने खोली बदलली. कामाच्या जवळ, जरा मोठी. सामान हलवायला मी एकटाच गेलो. सकाळची वेळ होती. ती घरमालकिणीशी हिशेब मिटवायला खाली गेली आणि मी वर पुस्तकं, भांडी, औषधांच्या पुड्या खोक्यांत भरत बसलो. पलंगाखालून तो डबा निघाला. झाकण जरा चेपलं होतं. उघडायला नको होता. पण इतकी वर्षं त्या डब्याचं झाकण मीच उघडत आलो होतो, हात आपसूक गेला.

आत तीन चिठ्ठ्या होत्या. प्रयोगशाळेच्या मागणीपत्रांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेल्या, वर तारखा. अक्षर तिचंच, लहानपणी होतं तसं गोल.

पहिली. ‘काय हवं : कानाच्या डॉक्टरांकडे जायला. किती : विचारावं लागेल. का : सकाळी उठले तर डाव्या कानाला दडा बसलेला. शिट्टी वाजते.’ खाली तीन दिवसांनंतरची तारीख आणि हिरव्या शाईत, ‘शिट्टी कमी झाली. यंत्राची भुकटी गेली असेल. थांबता येईल.’

दुसरी. ‘काय हवं : तेच. किती : सहकारी मुलगी म्हणाली, तपासण्या धरून अर्धा पगार. का : अजून ऐकू येत नाही. रविवारी बाबांना फोनवर विचारलं. म्हणाले, गरज आहे की घाई? मला नीट सांगता आलं नाही.’ खाली हिरव्या शाईत, ‘थांबता येईल.’

तिसरीवर एकच ओळ होती. ‘सवय होतेय.’ खाली निर्णय नव्हता. सायकलवाला त्याच आठवड्यातला.

मी दुसरी चिठ्ठी हातात धरून तारखा मोजल्या. दडा बसल्यापासून सहावा दिवस. डॉक्टरीणबाईंच्या आठ-दहा दिवसांच्या आतला.

आणि मग तो रविवार आठवला. तोपर्यंत तो माझ्या लेखी झालाच नव्हता, हे कुणाला खरं वाटणार नाही, पण तसंच होतं. पुस्तिका छापायला जाणार होती. टेबलावर कागद पसरून मी चुका तपासत होतो, नेमका नववा धडा समोर. फोन वाजला. खारू म्हणाली, “बाबा, कानाच्या डॉक्टरांची फी साधारण किती असते हो?” मी मान वरही न करता विचारलं, “का? गरज आहे की घाई?” शीर्षक कसं वाटतं ते बघायचं होतं मला. ती जराशी हसली. म्हणाली, “घाईच असेल.” मी म्हटलं, “शाबास.” मग वीस मिनिटं मी तिला पुस्तिकेबद्दल सांगितलं. मुखपृष्ठ कोणत्या रंगाचं, कागद किती जाड. तिची आई आतून हात पुसत आली, “मला द्या, मला बोलायचंय,” म्हणाली, तोवर मी फोन ठेवून दिला होता.

एक कान गेलेला असताना ती दुसऱ्या कानाने माझं मुखपृष्ठ ऐकत होती.

जिन्यावर पावलं वाजली. खारू वर आली, हातात किल्ली. “झालं बाबा, सुटले एकदाची. चला, टेम्पोवाला येईल.” ती गुंडाळलेल्या गादीवर बसली आणि बुटांची नाडी बांधायला वाकली. मी तिच्या शेजारी बसलो. चिठ्ठ्या मी डब्यात परत ठेवल्या होत्या, झाकणही लावलं होतं. मी म्हटलं, “तू मला विचारलं होतंस.”

ती नाडी बांधत राहिली.

मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेय. मग लक्षात आलं, मी डावीकडे बसलोय. आणि खरं सांगतो, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. बोलून झालं होतं आणि तिला ऐकू गेलं नव्हतं. तिने मान वर करून विचारलं, “काही म्हणालात?” तेव्हा “काही नाही” हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. तेहतीस वर्षांत मी एका पैशाची अफरातफर केली नाही, आणि या वयाला मी स्वतःच्या मुलीपाशी ती करायला निघालो होतो.

मी उठलो. खोक्यांना वळसा घालून उजवीकडे गेलो, खाली फरशीवरच बसलो आणि पुन्हा म्हणालो, “तू मला विचारलं होतंस. त्या रविवारी. आणि मी डॉक्टरांसमोर तुझ्यावर ओरडलो.”

खारूने डब्याकडे पाहिलं. “वाचल्यात वाटतं.”

“तू तिथंच का नाही म्हणालीस? बाबा, मी विचारलं होतं, असं तोंडावर का नाही फेकलंस?”

“तुम्हाला आठवतच नव्हतं बाबा,” ती म्हणाली. “ते तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि आई इतकी रडत होती. म्हटलं, आता सांगून कान थोडाच परत येणार आहे?”

मी म्हटलं, “माझं चुकलं, खारू.” मी हे वाक्य तिला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. म्हणताना फार लहान वाटलं, आणि तिच्या कानापुढे तर काहीच नव्हतं.

ती म्हणाली, “हं.” मग नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधत, “एक सांगू? ती बुटांची गोष्ट तेवढी सांगत जाऊ नका आता.”

“का गं?”

“तुम्ही सांगता, मी तीन दिवस सहन केलं. मी सहन नव्हते करत. मी तीन दिवस मुद्दाम तुमच्या समोरून लंगडत जात होते. वाटायचं, बाबा विचारतील. तुम्ही विचारलं तर ते तोंडाने मागणं होणार नाही ना? तुम्ही बघत होता. पण विचारलं नाहीत.”

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. तिने उजवीकडे मान वळवली, आवाज तिला आता सगळा तिकडूनच येतो, आणि आम्ही खोकी उचलली. डबा तिने स्वतःच्या हातात घेतला. मी म्हटलं, “टाकून दे तो.” ती म्हणाली, “असू दे, चांगला आहे. सुयादोरे ठेवीन.”

घरी येऊन मी तिच्या आईला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं. मला वाटलं आता कडाक्याचं भांडण होईल, आणि मी त्याला तयार होतो, एका अर्थी ते मला हवंच होतं. ती एवढंच म्हणाली, “त्या रविवारी मला फोन द्यायला हवा होता तुम्ही.” मग कापड सरळ केलं आणि पुन्हा शिवायला लागली. त्या दिवसापासून रविवारचा फोन आधी ती घेते.

संस्थेच्या ताईंना मी कळवलं की पुस्तिकेची नवी आवृत्ती मला नीट करून हवी आहे, बारावा धडा पूर्ण काढायचा आहे. त्या म्हणाल्या, “अहो काका, मुलांना तोच सगळ्यात आवडतो!” मी म्हटलं, “म्हणूनच.” त्यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायची माझी इच्छा नव्हती.

पण वर्गात सांगितलं. पुढच्याच आठवड्यात एका शाळेत गेलो. पस्तीस मुलं, खिडक्यांना हिरवे पडदे, फळ्यावर आधीच्या तासाची अर्धी पुसलेली गणितं. मी टेबलावर डबा ठेवला आणि बुटांची गोष्ट सांगितली, पण खारूने सांगितली तशी. मग कानाची गोष्ट सांगितली आणि फोनवर काय बोललो तेही सांगितलं. मधे पाणी प्यायलो नाही. मागे बसलेल्या शिक्षिका वहीत बघत होत्या. मुलांना मोठ्या माणसाने चुकलो म्हटलेलं ऐकायची सवय नसते, त्यांना कुठे बघावं ते कळत नाही.

मी म्हटलं, “चाकांचे बूट, खेळणी, मोबाइल, हे सगळं डब्यात टाका. तीन दिवस थांबा, काही बिघडत नाही. पण दुखत असेल, भीती वाटत असेल, अंगात काही वेगळं होत असेल, तर ते डब्यात टाकायचं नाही. ते ओरडून सांगायचं. मोठ्या माणसाने ‘थांब’ म्हटलं तरी पुन्हा सांगायचं.”

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, दोन वेण्या, बाजूचा एक दात पडलेला, हात वर करून म्हणाली, “आजोबा, किती मोठ्याने?”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, “शेजारचे येईपर्यंत.” त्यावर एका मुलाने तिथल्या तिथे ओरडून दाखवलं आणि शिक्षिकांना उठावं लागलं. पस्तीस मुलांना मी अर्ध्या तासात जे शिकवलं, ते माझ्या मुलीला शिकवायला माझ्याकडे पंधरा वर्षं होती.

परवाच्या रविवारी खारूचा फोन आला. आधी आईशी बोलली, पोटभर. नवी खोली, मालकीणबाईंचा नवा चष्मा, जबड्याचा साचा तयार करताना काय गंमत झाली ते. आई हसत होती. मग फोन माझ्याकडे आला. समोर कागद नव्हते, मी ते हल्ली रविवारी काढतच नाही.

“जेवणखाण नीट आहे ना?” मी विचारलं.

“आहे.”

“कानात घालायचं यंत्र घेऊ या का यंदा? मी पाठवतो पैसे. सांग फक्त.”

“बघू बाबा.”

“आणि उजवा कान?”

“बरा आहे.”

“काही वाटलं तर त्याच दिवशी सांगशील ना? मध्यरात्र असली तरी?”

“हो,” ती म्हणाली.

पण ते ‘हो’ लगेच आलं नाही. मधे एक क्षण गेला, नोट उलटायला लागतो तेवढाच. मी जन्मभर काचेमागे बसून माणसांचे असे क्षण ऐकले आहेत, मला ते ओळखता येतात. त्या क्षणात तिने माझा प्रश्न घेतला, आत कुठेतरी ठेवला आणि त्यावर झाकण लावलं. पुढे खरोखर त्या कानात शिट्टी वाजली तर ती आधी काय करील, ते मला माहीत आहे. मीच शिकवलंय.

“खारू,” मी म्हटलं, “खरंच सांग हं.”

“हो हो बाबा,” ती म्हणाली, “कसली घाई आहे?”